साक्ष नसेल तर नाही म्हण

पत्र नगर जिल्ह्यातल्या एका गावातून आलंय. बाईंचं वय 43, घर शेतकऱ्याचं, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. गेल्या वर्षी 24 डिसेंबरच्या रात्री त्यांचा 19 वर्षांचा मुलगा नाताळच्या गाण्यांची फेरी उरकून मोटरसायकलवर घरी निघाला होता. मागे मित्र, मित्राच्या गळ्यात ढोलकी. रस्त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर बंद पडून उभा होता, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मुलगा जागीच गेला. मित्राच्या पायात सळई बसली, पण तो वाचला. बाई लिहितात:

"मावशी, देवाचंच काम करून येत होता ना तो? मग देवाला एवढं एक पोर राखता आलं नाही? मंडळीतले म्हणतात, देवाला त्याच्या बागेत फूल हवं होतं. नणंद म्हणते, तुमच्या घरात प्रार्थना कमी पडली. मित्राच्या आईने महिन्याभरातच उपासनेत उभं राहून साक्ष दिली, प्रभूने माझ्या लेकराला राखलं. मी तिसऱ्या बाकावर होते. मालक तेव्हापासून चर्चला येत नाहीत. रविवारी ती मोडकी गाडी घेऊन बसतात, रात्री उठून विहिरीकडे जातात. केस करायची म्हटलं तर लोक म्हणतात, ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी. मुलगी 16 वर्षांची आहे, ती विचारते, आई, मग प्रार्थना करायची कशाला? आता पाळकसाहेब म्हणतात, 24 तारखेला वर्ष होतंय, नाताळच्या कार्यक्रमात साक्ष द्या, प्रभूने कशी शांती दिली ते सांगा, बाकीच्यांचा विश्वास वाढेल. मला शांती मिळालेली नाही. काय बोलू?"

सलाम.

तू मला मावशी म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते.

शेवटून सुरुवात करते, कारण शेवटच्या प्रश्नाला तारीख आहे. साक्ष देऊ नकोस. पाळकसाहेबांना एवढंच सांग, "या वर्षी माझ्याकडे साक्ष नाही. स्तोत्र वाचायला सांगाल तर वाचेन." जास्त आग्रह झाला तर त्या संध्याकाळी माहेरी जा. नाताळच्या कार्यक्रमाला एक आई नसली म्हणून प्रभूचं राज्य अडत नाही.

(बाकीच्या वाचकांसाठी: आमच्यात 'साक्ष' म्हणजे उपासनेत उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं. कुणाचं दुखणं बरं झालेलं असतं, कुणाची दारू सुटलेली असते. रीत चांगली आहे. फक्त साक्षीचा शेवट गोड लागतो, आणि तो नसला तर माणसं पदरचा घालतात.)

मीही घातला होता. 1983 साली माझी पहिली मुलगी अकरा महिन्यांची असताना जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत गेली. सहा आठवड्यांनी मला साक्षीला उभं केलं आणि मी उभी राहिले. परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं, त्याचं नाव धन्य, असं सगळं व्यवस्थित म्हणाले. बायका रडल्या, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. घरी आले आणि पाट्यावर मिरच्या वाटायला बसले. मिरच्या वाटताना डोळे पुसले तर कुणी काही विचारत नाही. पुढे नऊएक वर्षं मी रोज प्रार्थना म्हणत होते आणि देवाशी एक शब्दही बोलत नव्हते. त्याच्याबद्दल चारचौघांत खोटं सांगून बसले होते, आता एकटीने खरं कुठल्या तोंडाने बोलणार?

मी म्हटलेलं ते वाक्य पवित्र शास्त्रातल्या ईयोबाचं, एका दिवसात सगळी मुलं गमावलेल्या बापाचं, त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं. पुस्तकाला 42 अध्याय आहेत. तिसऱ्यातच हा ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देत बसतो, पण ते मातीच्या वेळी कुणी वाचत नाही. त्याचे तीन मित्र येतात, अलीफज, बिल्दद आणि सोफर. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. तिथेच ते उठून घरी गेले असते तर आज सांत्वनाला कसं जावं याचा धडा म्हणून त्यांची नावं घेतली असती. पण ते बोलायला लागतात. देव न्यायी आहे, निरपराध माणूस कधी नाश पावला आहे का, तुझंच काहीतरी चुकलं असेल. पुढचे पंचवीस-तीस अध्याय हेच. तुझी नणंद काही नवीन बोललेली नाही, ते पाठांतर फार जुनं आहे.

तेराव्या अध्यायात ईयोब त्यांना विचारतो, तुम्ही देवासाठी खोटं बोलणार का? त्याची वकिली करणार का? मी हे वाचलं तेव्हा मिरचीचा पाटा डोळ्यांपुढे आला. आणि शेवटच्या अध्यायात देव अलीफजला सरळ सांगतो, माझा तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर राग पेटलाय, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. इतके अध्याय देवाला कोर्टात खेचू पाहणारा माणूस योग्य ठरला, आणि देवाची बाजू मांडणाऱ्यांना होमार्पण घेऊन ईयोबाकडेच जावं लागलं, त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून. तुझा राग पाप आहे का, असं तू स्पष्ट विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. तर हे त्याचं उत्तर समज.

ईयोबाच्या बायकोबद्दलही दोन शब्द लिहिते, कारण तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. देवाला शाप दे आणि मर, एवढंच ती म्हणते, आणि तेवढ्यावरून आजवर किती उपदेशांत तिला झोडपलंय. अगं, सात मुलगे आणि तीन मुली तिच्याही होत्या! एकाच दिवशी एकाच घराखाली सगळी गेली. नवऱ्यापाशी तीन माणसं येऊन बसली, तिच्यापाशी कोण बसलं? मूळ हिब्रूत तिला ते एवढंसं बोलणं दिलंय. पण ख्रिस्ताच्या आधीच्या काळात ग्रीक भाषांतर झालं, त्यात तिला आणखी काही ओळी मिळाल्यात. माझ्या पोटच्या वेदना, माझे कष्ट फुकट गेले, असं ती त्यात म्हणते. त्या भाषांतर करणाऱ्याच्या घरातलं कुणीतरी गेलं असणार, असं मला उगाच वाटतं. शेवटी ईयोबाला पुन्हा दहा मुलं होतात. त्या ओळीचा मला अजूनही राग येतो. दुसरं होईल, असं मलाही सांगितलं होतं. दुसरा झालाही, आज तो चाळिशीचा आहे. पहिली ती पहिलीच.

आता ती तिसऱ्या बाकावरची गोष्ट. पत्रात तू ती एका ओळीत उरकलीस, पण सगळ्यात खोल तीच लागलीय. प्रेषितांची कृत्ये, 12 वा अध्याय काढ. हेरोद राजा येशूचा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब, याला तलवारीने मारतो. अर्ध्या ओळीत संपलं. मग तो दुसऱ्या शिष्याला, पेत्राला, धरतो. पेत्रासाठी मात्र देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. एकाच गावात, एकाच सणाच्या दिवसांत, एकाच मंडळीतले दोघे. याकोबाचा विश्वास कमी होता असं लिहिलेलं नाही. त्याच्यासाठी कुणी प्रार्थना केली नसेल, असंही नाही. पेत्र का वाचला आणि याकोब का नाही, यावर पवित्र शास्त्र एक अक्षर बोलत नाही. मला नेहमी याकोबाची आई आठवते, आपल्या दोन मुलांना प्रभूच्या उजव्या-डाव्या हाताला बसवा म्हणून मागायला आलेली ती बाई. पेत्र सुटला त्या रात्री मंडळीत आनंद झाला असेल. ती कुठल्या बाकावर होती कुणास ठाऊक.

2004 साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्सुनामीने तमिळनाडूतल्या वेलांकन्नी या मरियेच्या तीर्थाच्या किनाऱ्यावरून शेकडो भाविक नेले. आपल्याकडून, वसई-मुंबईकडूनही माणसं त्या यात्रेला जातात. नंतर कितीतरी जणांकडून ऐकलं, पाणी मोठ्या देवळात शिरलं नाही, केवढा चमत्कार! शिरलं नाही हे खरं आहे. पण किनाऱ्यावर ज्याची बायको-पोरं गेली त्याने हे वाक्य ऐकायचं कसं? वाचलेल्याने उपकार मानावेत, जरूर मानावेत, पण आधी मागे वळून बघावं की ऐकायला कोण बसलंय. तुझ्या मंडळीतल्या त्या बाईंनी ते बघितलं नाही. वाईट मनाने नव्हे, बहुतेक घाबरून. आपलं उरलं, हे मोठ्याने बोलल्याशिवाय त्यांचा स्वतःवर विश्वास बसत नसेल. तुला त्यांना आज माफ करायची सक्ती नाही. पण त्या मुलाचं मात्र बघ. तो तुझ्या दारावरून जाताना मान खाली घालतो का? शेवटची गाणी दोघांनी मिळून म्हटली होती. शेवटच्या तासाभरात तुझा लेक काय बोलला, कशावर हसला, हे जगात एकट्या त्यालाच माहीत आहे. जमेल तेव्हा, जमेल तेव्हाच, त्याला जेवायला बोलाव.

आता देव. त्याला राखता आलं नाही का, हा तुझा प्रश्न. बागेतल्या फुलाचं आधी निकालात काढू. देवाला 19 वर्षांचा ढोलकी वाजवणारा मुलगा बागेसाठी हवा होता, म्हणून त्याने बिनदिव्याची ट्रॉली पाठवली, असा याचा अर्थ होतो. असा देव माझ्या ओळखीचा नाही. ज्याने हे सांगितलं त्याला बोलायला काही सुचलं नाही आणि गप्प बसवलं नाही, एवढंच.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेल्याची गोष्ट येते. त्या काळच्या बातमीतली घटना. येशू विचारतो, ती माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगतो, नाही. (पुढे तो म्हणतो की पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल, ते मी लपवत नाही. पण ते मेलेल्यांकडे बोट दाखवणाऱ्या जिवंतांना आहे. नणंदेला ते वाक्य जपून वाचायला दे.) बुरूज देवाने पाडला असं येशू म्हणत नाही. मी मिशनच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं, आणि शाळेतल्या बाईच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, बांधला कुणी होता?

आणि शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात एक नियम आहे, त्यावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कुणी तिथून पडलं तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल. बघ, परमेश्वराने नेलं म्हणून सोडून द्या, असं तिथे म्हटलेलं नाही. पडणारा का पडला याची चर्चा नाही. कठडा कर, एवढंच. उसाच्या ट्रॉलीमागचा रिफ्लेक्टर हा तोच कठडा आहे गं. दर वर्षी गळीत हंगाम सुरू झाला की रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात, फोटो छापून येतात, आणि दर वर्षी डिसेंबर-जानेवारीच्या काळोखात आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर बंद पडलेल्या ट्रॉल्या तशाच उभ्या असतात. टायरमागे दगड, वर उसाचं वाढं, झालं. माणसांचं बिल देवाच्या नावावर फाडायची आपल्याला सवय लागलीय. त्यात माणसं सुटतात आणि देव बदनाम होतो.

म्हणून केसबद्दल सांगते: कर. क्षमा तुझ्या आणि त्या ट्रॅक्टरवाल्याच्या मधली गोष्ट आहे, आणि ती तुझ्या वेळेने येईल किंवा येणार नाही. दावा हा त्या ट्रॅक्टरच्या मालकाच्या आणि विमा कंपनीच्या जबाबदारीचा आहे. क्षमा केलेल्या माणसालाही कठडा बांधायला लावता येतं. मोटार अपघात दाव्यांना मुदतीचे नियम आहेत आणि तुझं वर्ष होत आलंय, तेव्हा या आठवड्यातच नगरला जाऊन ते दावे चालवणाऱ्या वकिलाला भेट. उशीर झाला असेल असं घरी बसून ठरवू नकोस. पंचनाम्याची आणि एफआयआरची प्रत सोबत ने. ट्रॅक्टरवालाही कुणाचा तरी मुलगा असेल, कोयत्याच्या टोळीतला, उचल घेऊन आलेला. त्याला शिव्या द्याव्यात असं मला वाटत नाही. पण रिफ्लेक्टरच्या पट्टीला किती पैसे पडतात हे कुणीतरी कोर्टात विचारायला हवं.

तरी तुझा प्रश्न उरतोच, हे मला कळतं. ट्रॉली माणसाने उभी केली, ठीक. देवाला पोराचा हात जरा डावीकडे वळवता आला नसता का? पेत्राचा लोखंडी दरवाजा उघडतो ना? मावशीकडे याचं उत्तर नाही. चाळीस वर्षं शोधलं. विद्वानांची पुस्तकं वाचली, माणसाला दिलेलं स्वातंत्र्य, सृष्टीचे नियम, दुःखाने होणारी घडण. यातलं काहीकाही डोक्याला पटतं, पण पाळण्याजवळ उभं राहून त्यातलं एकही वाक्य मला म्हणता आलं नाही. जे पाळण्याजवळ म्हणता येत नाही ते मी तुला का लिहू?

मी काय धरून राहिले ते सांगते. मी शब्बाथशाळेत दर नाताळाला नाटक बसवायचे. मेंढपाळ, मागी लोक, तारा, गव्हाणी, एखादं खरं शेरडू. हेरोदाची भूमिका करायला पोरांत मारामारी व्हायची. पण हेरोद ओरडला की पडदा पाडायचा, मग योसेफ-मरिया मिसर देशाला निघाले की टाळ्या. मधलं एक पान आम्ही कायम गाळलं. मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात बेथलेहेमातली दोन वर्षांची आणि त्याहून लहान सगळी मुलं मारली जातात, आणि मत्तय यिर्मयाचं जुनं वचन आणतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडतेय आणि सांत्वन पावेना, कारण ती नाहीत. नाताळच्या गोष्टीतच आहे हे, बाहेरचं नाही. आणि तिला उगी कर असं मत्तय कुणाला सांगत नाही. तिचं रडणं तो तसंच लिहून ठेवतो आणि पुढे जातो. निवृत्त व्हायच्या वर्षी मी ते पान नाटकात घेतलं. एका मुलीला पांढरी ओढणी देऊन स्टेजच्या कडेला नुसतं बसवलं, संवाद काही दिला नाही. पालकांपैकी दोघातिघांनी तक्रार केली, सणासुदीला हे कशाला. मागच्या रांगेतली एक आजी मात्र नंतर माझा हात बराच वेळ धरून उभी होती.

त्या दिवशी वाचलेलं ते एक मूल पुढे तेहतीस वर्षांचं होऊन मारलं गेलं, आणि त्याची आई जवळ उभी होती. मरताना त्याने मोठ्याने विचारलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे 22 व्या स्तोत्रातलं पहिलं वाक्य. तू विचारतेस तोच प्रश्न. वरून काही उत्तर आलं नाही; निदान मार्कने लिहिलेलं नाही. बाकी सगळं माझ्या हातून सुटलं तेव्हा मी एवढं धरलं, की ज्याला मी जाब विचारतेय तो स्वतः या बाजूला येऊन हाच प्रश्न ओरडून गेलाय. तुझा लेक त्या रस्त्यावर एकटा नव्हता, असा माझा विश्वास आहे. पुरावा मागशील तर नाही. तुला हे पुरेसं वाटणार नाही, मलाही कित्येक रात्री वाटत नाही.

दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला, कधी गेली आहेस का? रमाबाईंचे आईवडील 1870च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने. 1896चा दुष्काळ पडला तेव्हा ही बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून घेऊन आली, शेकड्यांनी. भूक काय असते हे तिला घरातून माहीत होतं. 1921 मध्ये तिची एकुलती एक मनोरमा चाळिशीत गेली, आणि पुढच्या एप्रिलात ती स्वतः. लोक हे तिच्या धीराचं उदाहरण म्हणून सांगतात, मी तसं सांगत नाहीये. तुला धीराचं उदाहरण व्हायचं नाहीये. देव दुष्काळात काय करत होता, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणते की केडगावचं दार उघडं होतं, तेवढं मला दिसतं.

मालकांचं. चर्चला नेऊ नकोस, हट्ट धरू नकोस. गाडी घेऊन बसू दे. बापाच्या हाताला पाना लागतो, आईच्या हाताला वरवंटा. पण विहिरीचं तू ओघात लिहून गेलीस, ते मी सोडणार नाही. आज रात्रीच सरळ विचार, "विहिरीकडे जाता तेव्हा मनात काय असतं? जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. दिराला किंवा भावाला महिनाभर घरी झोपायला बोलाव. टेली-मानस म्हणून सरकारी फोन आहे, 14416, फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. ते बोलले नाहीत तर तू बोल. तालुक्याला डॉक्टरांना दाखव. आणि पाळकसाहेबांना साक्षीपेक्षा मोठं काम सांग: मंडळीतले दोन पुरुष रविवारी दुपारी पाठवा म्हणावं, हातात शास्त्र न घेता, गाडीजवळ बसायला. सात दिवस नाही जमलं तर दोन तास. तोंड न उघडता.

लेकीला काय सांगायचं? ती विचारते हेच चांगलं आहे, माझ्या घरात कुणी विचारलंच नव्हतं. तिला म्हण, मला माहीत नाही, मीही हेच विचारते. मग येशूची गेथशेमाने बागेतली प्रार्थना काढा दोघी मिळून. हा प्याला माझ्यापासून टळू दे, असं खुद्द येशूने मागितलं, आणि टळला नाही. तरी तो बापाशी बोलत राहिला. प्रार्थनेने मागितलेलं मिळतंच असं तिला कुणी शिकवलं असेल तर ते चूक शिकवलं, मीही कितीतरी वर्गांना तेच शिकवलंय. ती काही दिवस प्रार्थना करणार नाही म्हणाली तर करू दे तसं. तू तिच्यासमोर खोटी करू नकोस.

24 तारीख. स्तोत्र वाचायचं ठरलं तर 13 वं वाच, सहाच वचनं आहेत, सुरुवातच "कोठवर?" अशी, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पण ते शेवटी गायला लागतं. ते तोंडातून निघणार नसेल तर 88 वं घे. ते शेवटपर्यंत वळत नाही, अंधारावर संपतं. दीडशे स्तोत्रांतली तिसरा हिस्सा तरी रडगाणी आहेत, तेव्हा नाताळच्या कार्यक्रमात एक चालेल. कुणी विचारलंच, यात शांती कुठे आहे, तर म्हण, पवित्र शास्त्रातलंच आहे.

आणि कार्यक्रमाला जायचंच नसेल तर घरी काय करायचं? डीट्रिख बॉनहॉफर नावाचे एक जर्मन पाळक हिटलरच्या तुरुंगात होते. त्यांचा मोठा भाऊ पहिल्या महायुद्धात गेला होता, आई कितीतरी महिने त्यातून उठली नव्हती; ते त्यांनी लहानपणी बघितलेलं. 1943च्या डिसेंबरात, 24 तारखेलाच, त्यांनी कोठडीतून पत्र लिहिलं. त्यात म्हणतात की आपलं माणूस जवळ नसल्याने पडलेली जागा देव भरून काढतो, असं म्हणणं चूक आहे. देव ती भरत नाही, मोकळीच ठेवतो, म्हणजे त्या माणसाशी आपलं नातं राहतं, त्रास झाला तरी. दीड वर्षाच्या आत, एप्रिल 1945 मध्ये, त्यांना फाशी दिलं. मी हे वाचलं तेव्हा माझी मुलगी जाऊन वीसएक वर्षं झाली होती, आणि पहिल्यांदा वाटलं की ती जागा अजून मोकळी आहे यात माझं काही चुकलेलं नाही. तेव्हा त्याचं ताट मांडावंसं वाटलं तर मांड. ढोलकी कुठे आहे? फुटली असली तरी बाहेर काढ. त्याला आवडायचं ते कर, करंज्या असतील तर करंज्या, आणि जळल्या तर जळू देत.

एक काम माझंही कर. चार पानांत तू त्याच्या ढोलकीचं लिहिलंस, बुटांचं लिहिलंस, बारावीला गणितात राहिला तेही लिहिलंस. नाव लिहिलं नाहीस. इथे छापणार नाही. माझ्याकडे एक वही आहे, रात्री प्रार्थनेला बसताना उघडते ती, त्यात तुझ्यासाठी एक ओळ सोडून ठेवलीय. कार्डावर नुसतं नाव लिहून पाठव.

तुझी,
मावशी